चव तिची, सही कोणाची?

घरातलं स्वयंपाकघर बाईचं आणि बाजारातलं हॉटेल पुरुषाचं, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातली विसंगती जाणवतही नाही. रमजानमध्ये संध्याकाळी मोहम्मद अली रोडवर एक चक्कर मारा. तव्यामागे पुरुष, गल्ल्यावर पुरुष, गिऱ्हाईकाला हाक मारणारेही बहुतेक पुरुषच. लग्नात बिर्याणीची देग बावर्च्याच्या ताब्यात. त्याच घरांत वर्षभर दोन्ही वेळा रांधणाऱ्या बाईच्या वाट्याला कौतुक येतं, मोबदला येत नाही.

तरीही या क्षेत्रात बायकांनी जे उभं केलं आहे ते थोडं नाही, आणि महिला दिनापुरतं आठवून सोडून देण्यासारखंही नाही. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवत. खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईचं चाळीतलं घर. कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर देत, पण धान्य आणि इंधन आधीच लागे. म्हणून या बाया सावकाराच्या व्याजात अडकत. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं दार त्यांच्यासाठी उघडून घेतलं. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. स्वयंपाक या बायांना आधीपासूनच येत होता. मंडळामुळे बँकेच्या कागदावर त्यांचं स्वतःचं नाव आलं.

त्याआधी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. हजारो सभासद असलेल्या या संस्थेत आजही पुरुषाला सभासद होता येत नाही. लाटणारी बहीण तिथे मजूर नसते, संस्थेची भागीदार असते. सातजणींपैकी एक, जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षीच कळते: जे नोंदीत नाही, ते व्यवस्थेच्या दृष्टीने घडलेलंच नसतं. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका भाभींना मोठी भांडी आणि फ्रीज घेण्यासाठी कर्ज हवं होतं. कागद जमवायला मी त्यांच्यासोबत बसलो. पाच वर्षं त्या घरून डबे देतात, सणाला मोठ्या ऑर्डरी घेतात. पण अन्न परवान्याची नोंदणी नवऱ्याच्या नावावर, ऑर्डर घेणाऱ्या ॲपवरचं खातंही त्यांचंच, आणि पैसे जमा होतात तेही त्यांच्याच बँकेत. नवरा भला माणूस आहे, त्याने काही लुबाडलेलं नाही. भाभी म्हणाल्या, "मैंच बोली थी, इनका नाम डालो." बँकेने मात्र भाभींच्या खात्यावरचे दोन वर्षांचे व्यवहार मागितले आणि ते शून्य निघाले. पाच वर्षांचा धंदा असूनही कागदावर त्या गृहिणीच.

म्हणून नेतृत्व हा शब्द आपण जरा खाली, व्यवहारात उतरवून पाहावा असं मला वाटतं. परवाना कोणाच्या नावावर आहे? पैसे कोणाच्या खात्यात येतात? ताटाचा दर कोण ठरवतं? कामाला कोणाला ठेवायचं, हे कोण सांगतं? या चार प्रश्नांची उत्तरं जिच्या बाजूने असतील ती त्या धंद्याची मालकीण. बाकी सगळ्या जणी, हाताला कितीही चव असली तरी, मदतनीसच.

याचं एक ठळक उदाहरण लंडनमध्ये आहे. कोलकात्यात वाढलेल्या अस्मा खान लग्नानंतर इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी किंग्ज कॉलेजातून कायद्यात पीएच.डी. केली, पण २०१२ मध्ये घरीच लोकांना जेवू घालायला सुरुवात केली. २०१७ मध्ये त्यांनी सोहो भागात 'दार्जिलिंग एक्सप्रेस' हे रेस्टॉरंट उघडलं. त्याचं स्वयंपाकघर पूर्णपणे बायकांचं आहे. त्यांतल्या बहुतेकींनी हॉटेलचं शिक्षण घेतलेलं नाही. आयुष्यभर घरी रांधलं, हेच त्यांचं शिक्षण, आणि अस्मा खान यांनी ते अनुभव म्हणून मोजलं, त्याचा पगार दिला. २०२४ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने जगातल्या शंभर प्रभावशाली व्यक्तींमध्ये त्यांची गणना केली. एका मुस्लिम बाईचं हे यश आपण अभिमानाने सांगतोच. तिने पगारपत्रकावर कोणाची नावं घातली, हेही सांगायला हवं.

आता आपल्या शाळांकडे पाहू. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्यांत बहुसंख्य बाया आहेत. २००९ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले १० महिने. राज्यं त्यात आपली भर घालतात, पण केंद्राचा तो आकडा पुढे वर्षानुवर्षं हलला नाही. शिवाय त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. देशातल्या सर्वांत मोठ्या स्वयंपाकघराचा भार ज्यांच्यावर आहे, त्यांना सरकारच कामगार मानायला तयार नाही. मग हॉटेलमालकाकडून काय अपेक्षा करायची?

कायदे आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. हॉटेलचा धंदा रंगतो रात्रीच. त्यामुळे ही जबाबदारी टाळण्याचा सोपा मार्ग काही मालकांना सापडतो, तो म्हणजे बाईला कामावरच न घेणं. अशा ठिकाणी जेवताना आपण गिऱ्हाईक म्हणून कधी विचारलं आहे का, की आत बाया किती आहेत?

आपल्या हातात असलेल्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत. घरात कोणी डबे, केक, लोणची, समोसे विकत असेल तर नोंदणी आणि बँक खातं तिच्याच नावाने काढा. आधी नवऱ्याच्या नावावर केलं असेल तर या महिन्यात बदलून घ्या. मोहल्ल्यातली इफ्तार, शाळेचं स्नेहसंमेलन, संस्थेची बैठक, यांच्या जेवणाची ऑर्डर बायकांच्या गटाला द्या आणि अर्धी रक्कम आगाऊ द्या, म्हणजे किराण्यासाठी त्यांना उधारी करावी लागणार नाही. आणि "घरचंच तर आहे" म्हणून दर पाडून मागू नका. घरच्या जेवणाला गॅस, तेल आणि वेळ हॉटेलइतकाच लागतो.

शेजारच्या भाभींची नोंदणी आता त्यांच्या नावावर झाली आहे. कर्ज मिळायला अजून दीडेक वर्ष लागेल, कारण व्यवहारांचा इतिहास आता कुठे सुरू झाला आहे. पाच वर्षांचं काम पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातंय. पुढच्या बाईवर ही वेळ येऊ नये, एवढं तरी आपण पाहू शकतो.