मळ्याचं पाणी

मंडळी, शिमगा सरला की आमच्या रत्नागिरीत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. मुंबईचे नातेवाईक फोनवर विचारतात, "यंदा आंबा कसा आहे?" आणि मळ्यातले शेजारी विचारतात, "पऱ्याचं पाणी कुठवर पुरेल?" पहिल्या प्रश्नावर सगळेच लिहितात. मी आज दुसऱ्यावर लिहितो.

ज्यांनी असा मळा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. भातकापणी झाली की पऱ्याकाठच्या शेतांत भाजी करतात. आमच्या वाडीत शेतं दोघातिघांची, पण वाफे आठ-दहा घरांचे. लाल माठ, मुळा, वाली, चवळी, वांगी, मिरची, मांडवावर पडवळ आणि कारली. पऱ्या वाहता असतानाच सगळ्यांनी मिळून सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरायची आणि बंधारा घालायचा. सरकारी भाषेत वनराई बंधारा. भोवती एकच वई, आत जायला एकच बेडं. वाफा ज्याचा त्याचा, पाणी सगळ्यांचं.

माघापर्यंत हे सगळं गोडीगुलाबीने चालतं. खरी परीक्षा आत्ता. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांना टँकर लागतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम ५०-६० किलोमीटर. पडलं तसं वाहून गेलं. उरलं ते बंधाऱ्यामागच्या डबक्यात, आणि तेही रोज बोटभर खाली जातंय.

यंदा वादाचा विषय आहे पंप. तिघांनी अर्ध्या एच.पी.चे पंप आणले. बटण दाबलं की अर्ध्या तासात वाफे चिंब. बाकीचे कळश्या घेऊन येईपर्यंत पाण्याला गढूळपणा आलेला. साहजिकच जुनी मंडळी म्हणतात, पंप बंद, पूर्वीसारखं कळशीनेच शिंपायचं.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कळशीने शिंपताना माणूस दमतो, आणि तो दमला की पाण्याचा उपसाही थांबतो. पंप दमत नाही. पण पूर्वी दमत कोण होतं? माझी काकू तीस वर्षं दोन हातांत दोन कळश्या घेऊन सकाळ-संध्याकाळ शिंपत होती. आज तिला मांडी घालून बसता येत नाही. कळशीचं कौतुक करणाऱ्यांत मला तरी बहुतेक पुरुषच दिसतात. त्यामुळे 'पूर्वीसारखं' या शब्दावर माझा फारसा जीव नाही.

माझं म्हणणं असं, की पंप असावा, पण मळ्याचा एकच. वीजबिल वाटून, पाळी ठरवून, आणि शिंपणं उन्हं उतरल्यावरच. याहून अवघड गोष्ट पुढे आहे. पाणी कमी झालं की वाफेही कमी करायला हवेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. शिवाराचे फड पाडलेले, पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. पाणी अपुरं असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. तोटा व्हायचा तो सगळ्यांचा, नुसता शेवटच्या शेतकऱ्याचा नव्हे.

आपणही तेच करावं. माठ-मुळ्यासारख्या रोज पाणी मागणाऱ्या पालेभाज्या आता काढून टाकाव्यात. मिरची, वांगी आणि बियाण्यासाठी राखलेले चार वेल जगवावेत. त्यांच्या आळ्यांत पातेऱ्याचा जाड थर घालावा म्हणजे ओल टिकते. इथेही अडचण आहेच, कारण पातेरा याच दिवसांत भाजावळीला लागतो. पण एका घराने दोन भारे कमी भाजले म्हणून तरवा अडत नाही.

आता कुणाचे किती वाफे जायचे? सरसकट निम्मे म्हटलं तर ऐकायला न्याय्य वाटतं. पण आमच्यातल्या एका वहिनीचं घर याच भाजीवर चालतं. पहाटे जुड्या बांधून ती बाजारात जाते. माझा निम्मा वाफा गेला तर मी भाजी विकत आणीन, तिचा गेला तर चूल अडेल. म्हणून माझ्या मते आधी हौसेचे वाफे सोडावेत, माझे त्यात पहिले, आणि तिची पालेभाजी डबक्यात पाणी असेतो राहू द्यावी. यावर 'मग उद्या प्रत्येक जण गरज सांगेल' असं एकजण म्हणालाच. सांगू देत की! आठ-दहा घरं आहेत, कोणाच्या घरात काय शिजतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रविवारी बैठक आहे, तिथे हेच मांडणार आहे. पटेल न पटेल, बघू. तुमच्या गावी पाण्याची वाटणी कशी होते तेही कळवा.

आणि मे महिन्यात येणाऱ्या समस्त नातेवाईकांनो, यंदा मळ्यातली ताजी माठाची भाजी मिळणार नाही. कुळथाच्या पिठल्यावर भागवून घ्या.