ज्ञानकोशातही नवी भरती हवी



१ मे हा आपला दिवस. शिकागोच्या हुतात्म्यांचा, आणि १९६० पासून महाराष्ट्र राज्याचाही. याच तारखेला आणखी एक गोष्ट झाली, ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. २००३ साली १ मे रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. विकिपीडिया म्हणजे इंटरनेटवरचा, सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश. तो आधी इंग्रजीत, जानेवारी २००१ मध्ये निघाला. आज मराठीतल्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. वाचायला पैसे पडत नाहीत, आणि लिहायला कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. मोबाईलवर एखादे गाव, रोग, कायदा किंवा पुढारी शोधला की पहिल्या दोन-चार उत्तरांत तो असतोच. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पापासून आपल्या द्वारसभेतल्या भाषणापर्यंत सगळीकडे त्याचा उपयोग चालतो. वाचणारे अफाट आहेत. लिहिणारे त्या मानाने अगदी थोडे.

या थोड्यांमध्ये आपण का नाही, असा माझा प्रश्न आहे.

पूर्वी ज्ञानकोश हे विद्वानांचे काम होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. ही डोंगराएवढी कामे आहेत, त्यांच्यापुढे नम्रच व्हावे. पण अशा कोशात नोंद कोणी लिहायची हे संपादक मंडळ ठरवत असे, आणि संपादक मंडळाने सल्ला घ्यायला गँगमनच्या चाळीत येण्याचे काही कारण नव्हते. आता दार उघडे आहे आणि आपणच आत जात नाही.

आपल्याला काय माहीत आहे याचा एकदा हिशेब करा. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा कसा काढतात आणि तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी का हलवत नाही, कीमन रोज किती चालतो आणि काय तपासतो, रुळावर फटाके कधी लावतात, आर. एम. एस.च्या डब्यात रात्रभर उभे राहून टपाल कसे वेगळे करत. ही माहिती मराठीत नीट, एका जागी लिहून ठेवणारे कोण आहे? आणि या गोष्टी एकामागून एक जात आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. दारात पोस्टमन येऊन "रजिस्टर आहे, सही करा" म्हणायचा, ते वाक्य नातवंडांना समजावून सांगावे लागेल. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज शकुंतला थांबली. त्या गाडीवर काम केलेली माणसे अजून हयात आहेत, पण किती दिवस?

आणखी एक. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, हे आपल्या पोस्टातल्या मंडळींना माहीत असते. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृत कवी होते, हे किती जणांना माहीत आहे? माझ्या ओळखीच्या एका पोस्टमन बंधूंना मी हे सांगितले. तीस वर्षे ते पिन कोड वाचून टपाल वाटत आले होते. ते म्हणाले, "अहो, मग हे आम्हाला खात्यात कोणी कधी सांगितले कसे नाही?"

हे सगळे वाटले म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही शाखेत एक वर्ग घेतला. तो साफ फसला, आणि का फसला ते सांगायला हवे, कारण इतर शाखाही हीच चूक करतील. आठ-दहा जण आले. आम्ही उत्साहात प्रत्येकाला एकेक विषय दिला आणि सांगितले, यावर लेख लिहा. कोणाला १९७४ चा संप, कोणाला भोर घाट. दोन तास माणसे पडद्याकडे बघत बसली. एकाने टंकताना घाम पुसला. पुढच्या रविवारी दोघे आले, त्यातला एक चहाला.

आता विचार करा, नव्या ट्रॅकमनला पहिल्या दिवशी एकट्याला पेट्रोलिंगवर पाठवतो का आपण? त्याला जुन्या माणसाबरोबर जोडून देतो. तो आधी बघतो, मग हात लावतो, चुकतो, शिव्या खातो, शिकतो. नवीन सभासदाला पहिल्याच महिन्यात डी. आर. एम. साहेबांपुढे बोलायला उभे करतो का? मग इथेच आपण माणसाला थेट लेख का लिहायला लावला?

नंतर आम्ही पद्धत बदलली. पहिल्या दिवशी फक्त खाते उघडायचे. त्याला नाव आणि पासवर्ड पुरतो, पण ईमेल द्यावाच, नाहीतर पासवर्ड विसरला की खाते गेले. खाते एका माणसाचे असते; संघटनेच्या किंवा शाखेच्या नावाने उघडू नये. मग धूळपाटीवर जायचे. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला धूळपाटी म्हणतात, हा शब्द मला फार आवडला. तिथे काहीही लिहा, खोडा, कोणाचे काही बिघडत नाही. टंकता येत नसेल तर मोबाईलला तोंडाने सांगा, तो मराठीत लिहितो. जोडाक्षरे तेवढी तपासून घ्या. दुसऱ्या वेळी आपल्या गावाचा किंवा स्टेशनचा लेख उघडायचा, वाचायचा, आणि त्यातली एकच चूक दुरुस्त करायची. एक वेलांटी असली तरी चालेल. 'संपादन' दाबायचे, बदल करायचा, खाली काय बदलले ते एका ओळीत लिहायचे आणि 'प्रकाशित करा'. मग 'इतिहास पहा' उघडून दाखवायचे की हा तुझा बदल, ही तारीख, ही वेळ. पहिला बदल इतिहासात दिसला की माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. बिघडेल ही भीतीही तिथेच जाते, कारण जुनी प्रत्येक आवृत्ती जपलेली असते आणि एका क्लिकने परत आणता येते. रुळावर अशी सोय असती तर!

आमच्याकडचे एक निवृत्त पॉइंट्समन काका आहेत. फसलेल्या वर्गातून ते पहिल्याच दिवशी उठून गेले होते. "सेक्रेटरी साहेब, हे शिकलेल्यांचे काम," म्हणाले. मी म्हटले, काका, मी तरी कुठे कॉलेजला गेलोय, दहावी पास माणूस मी. बसा पुन्हा. त्यांच्या स्टेशनच्या लेखात फलाटांची संख्या जुनी होती. काकांच्या पत्र्याच्या पेटीत नवा फलाट सुरू झाल्याची वर्तमानपत्राची बातमी कापून ठेवलेली होती, तारखेसकट. आकडा बदलला, बातमीचा संदर्भ जोडला. तीन दिवसांनी कोणा अनोळखी माणसाने त्यांच्या वाक्यातले शुद्धलेखन सुधारले आणि त्यांच्या चर्चापानावर स्वागताचे दोन शब्द टाकले. काका आजही अधूनमधून विचारतात, तो कोण होता म्हणून.

ती स्वागताची ओळ मी मुद्दाम सांगितली. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ च्या सुमारास सर्वांत जास्त होती, नंतर काही वर्षे ती घसरत गेली. अभ्यासकांनी कारण शोधले तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. नव्या माणसाने चांगल्या हेतूने केलेले बदलही झटपट उलटवले जात होते, बरेचदा यांत्रिक साधनांनी, आणि त्याला कळत नव्हते की आपले काय चुकले. तो परत येत नसे. आपल्या संघटनांमध्ये हेच घडते, तेव्हा उगाच दुसऱ्याकडे बोट नको. शाखेत तरुण मुलगा येतो, काही विचारतो, जुने पदाधिकारी म्हणतात "तू कालचा पोरगा". मग आपणच अधिवेशनात ठराव करतो की तरुण चळवळीकडे वळत नाहीत.

पण नवागताचीही बाजू पूर्ण खरी नसते. माझेच उदाहरण देतो. आमच्या विभागातल्या एका दिवंगत नेत्यावर मी लेख लिहिला होता. 'कामगारांचे कैवारी', 'झुंजार', 'लाखोंच्या हृदयात स्थान', सगळे हार घातले. लेख टिकला नाही. आठवडाभर मी चिडलेलो होतो. मग शांतपणे वाचले तेव्हा कळले की त्यात जन्मतारीख नव्हती, कोणत्या साली कोणता लढा दिला ते नव्हते, आणि एकाही छापील मजकुराचा आधार नव्हता. ते शोकसभेतले भाषण होते. ज्ञानकोश तटस्थ लागतो. आपल्या बाजूचे कौतुक आणि समोरच्याला शेलके शब्द, ही आपली जन्माची सवय दारात चपलेबरोबर काढून ठेवावी लागते. म्हणूनच माझे मत असे की आपल्याच संघटनेवर, आपल्याच नेत्यावर नवख्याने लिहूच नये. आधी स्टेशन, पूल, घाट, गाव.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. "मी स्वतः पाहिले" हा तिथे पुरावा नाही. आपली सगळी संपत्ती आठवणीत, आणि ज्ञानकोश मागतो छापील आधार. १९७४ चा संप ८ ते २७ मे असा चालला, जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते होते, हे निर्विवाद आहे. पण किती जणांना अटक झाली, किती जण बडतर्फ झाले, याचे सरकारी आकडे वेगळे आणि संघटनांचे वेगळे. तिथे आपला आकडा खरा म्हणून भांडायचे नसते. कोणी काय म्हटले ते दोन्ही आधारासह लिहायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे घ्या. पुढारी होण्यापूर्वी त्यांनी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली होती, म्हणजे ते दोन्ही अर्थांनी आपले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. पण त्यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन कधी स्थापन झाली? काही पुस्तके १८८४ म्हणतात, काही १८९०. १८८४ मध्ये कामगारांच्या सभा झाल्या, मागण्या मांडल्या गेल्या, तेवढे पक्के. असा गुंता नव्या माणसाबरोबर बसून सोडवायला घ्या; एका रविवारी तो जितके शिकेल तितके दहा व्याख्यानांत शिकणार नाही.

यातून एक मोठे काम दिसते, आणि तिथे फेडरेशनने लक्ष घालावे. आपल्या शाखांच्या कपाटांत जुने अंक, अधिवेशनांचे अहवाल, स्मरणिका वाळवी खात पडल्या आहेत. १९४६ चा टपाल संप, १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप, १९ सप्टेंबर १९६८ चा एक दिवसाचा संप, यांची मराठी कागदपत्रे तिथेच आहेत. ती आधी जपली, त्यांची यादी झाली, ग्रंथालयात ठेवली, तर उद्या लिहिणाऱ्याला आधार मिळेल. आपल्या बाजूचे म्हणून त्यांचे वजन कमी धरले जाईल, ते मान्य. पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

काही साथी विचारतात, हे बिनपगारी काम आपण अमेरिकन संस्थेसाठी का करायचे? प्रश्न रास्त आहे, संघटनेच्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. ती संस्था, विकिमीडिया फाउंडेशन, अमेरिकेत नोंदलेली आहे, नफ्यासाठी नाही, देणग्यांवर चालते. आपण लिहिलेला मजकूर तिच्या मालकीचा होत नाही. तो मुक्त परवान्याखाली असतो; नाव देऊन आणि तोच परवाना पुढे चालू ठेवून कोणीही वापरू शकतो, हे मासिकसुद्धा. आता मोठ्या कंपन्यांची प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रेही हाच मजकूर वाचून शहाणी होतात, आणि त्यातून त्या कंपन्या पैसा करतात. ते मला खटकते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण आपण लिहिले नाही म्हणून त्यांचे काही अडत नाही. ती यंत्रे कामगारांविषयी दुसऱ्यांनी लिहिलेले सांगतील, एवढेच.

नोकरीतल्यांसाठी मात्र सावधगिरीची गोष्ट आहे. रेल्वेचे १९६६ चे आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे आचरण नियम आपल्याला लागू आहेत. कार्यालयातली परिपत्रके, अपघाताच्या चौकशीचे कागद, अंतर्गत आकडे तिथे टाकू नका. जे आधी प्रसिद्ध झाले आहे तेच लिहा. ड्यूटीवर तर मोबाईल बाहेरच काढू नका. फोटो स्वतः काढलेलाच द्यावा, ग्रुपवर आलेला नाही. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उचलू नये, आपल्या शब्दांत लिहावे.

इटारसी, खांडवा, हुबळी, सिकंदराबाद, जबलपूर इथल्या मराठी बांधवांना वेगळे सांगायचे आहे. तुमच्या भागातल्या स्टेशनांवर, गावांवर मराठीत लिहायला महाराष्ट्रातला माणूस येणार नाही. तिथली स्थानिक वर्तमानपत्रे तुम्ही वाचता आणि मराठीही तुमची आहे. हिंदी किंवा कन्नड बातमीचा आधार मराठी लेखाला चालतो.

आमच्या शाखेत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा बसतो. एका नव्या माणसाजवळ एक जुना, यापेक्षा जास्त माणसे घेत नाही. ज्याने एकदा बदल केला त्याला पुढच्या आठवड्यात फोन जातो, वर्गणीसाठी जातो तसा. इतर शाखांनी असे काही सुरू करायचे ठरवले तर पहिल्या वेळी लेख लिहायला सांगू नका. पेटीतली कात्रणे घेऊन यायला सांगा, आणि चार्जर आपापला.