मोटर मिळते, पेटी घडवावी लागते

जुनी पेट्रोलची गाडी घरच्या घरी विजेवर आणायचा विषय निघाला की बोलणे मोटरपासून सुरू होते आणि 'एका चार्जिंगला किती किलोमीटर?' यावर संपते. बॅटरी जिच्यात बसणार ती पेटी मात्र 'फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेऊ' एवढ्यावर उरकली जाते. खरे तर मोटर आणि कंट्रोलर तयार मिळतात. घडवावी लागते ती पेटी, आणि जीव जातो तोही तिच्याच चुकीने. ही पेटी बालाघाटच्या डोंगरातल्या खर्ड्यासारख्या गावातल्या कारागिराने जरूर करावी, पण अंदाजाने नव्हे. तपासून मंजूर झालेला नकाशा त्याच्या हाती देणे हे सरकारचे काम आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे शंभर अँपिअर-तासांचे शंभर सेल एकापाठोपाठ जोडले की ३२० व्होल्टचा दाब तयार होतो. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या पुढे जपून राहावे लागते. वजन दोनशे किलोच्या घरात. हा बोजा बालाघाटच्या चढउतारांवर, खड्ड्यांतून रोज आदळणार. ट्रॉलीची वेल्डिंग तडकली तर फार तर ऊस सांडतो. इथे पेटीचा कोपरा तडकला तर सेल सरकतात. पत्रा कापताना राहिलेली बारीकशी धार, जिने एरवी फक्त बोट कापते, ती हादऱ्यांनी केबलचे आवरण घासत राहते आणि एक दिवस तार उघडी पडते. चौकोनी सेल चार्ज होताना किंचित फुगतात, वर्षागणिक जास्तच. म्हणून दोन्ही टोकांना जाड पट्ट्या लावून त्यांना मापात आवळावे लागते. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाला गॅस्केट हवे. आयपी ६७ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकाव. पण नुसते गच्च बंद करूनही भागत नाही. सेल बिघडला की पेट घेणारा वायू सोडतो, आणि त्याला वाट नसेल तर पेटीचाच बॉम्ब होतो. खर्ड्याचाच इतिहास पाहा: ११ मार्च १७९५ ला मराठ्यांशी झालेल्या लढाईत हरलेला निजाम तिथल्या किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी वेढा घातला आणि तहावाचून त्याची सुटका झाली नाही. भिंती भक्कम होत्या, बाहेर पडायला वाट नव्हती. पेटीला ती वाट ठेवावी लागते, आणि तिचे तोंड प्रवाशांकडे नको.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे 'आपली पोरं काहीही बनवतात'. बनवतात, यात शंकाच नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कारागिराने भंगारातून केलेली जीप २०२१ मध्ये देशभर गाजली. पण तिचे कौतुक करतानाच आनंद महिंद्रांनी म्हटले होते की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या थांबवली जाईल, आणि बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. कौतुक आणि परवानगी यांत हे अंतर आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीत मनाला येईल तसा बदल चालत नाही. विजेच्या किटला मान्यता लागते. २०२२ मध्ये पुण्यासह ठिकठिकाणी विजेच्या दुचाकी पेटल्यावर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, त्या योग्यच होत्या. चारचाकीत एक सेल पेटला तर प्रवाशांना उतरायला निदान पाच मिनिटे आधी इशारा मिळाला पाहिजे, ही अट कोणाला जाचक वाटावी?

अडचण आहे ती या चाचण्यांच्या खर्चाची. तो कंपनीला झेपतो, एका गाडीवाल्याला नाही. मग गाडीवाला हा बदल चोरून करतो आणि पेटी कोणीच तपासत नाही. म्हणून वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेने खपाच्या चार-दोन जुन्या मॉडेलांसाठी पेटीचा नकाशा एकदाच तपासावा, पत्र्याच्या जाडीपासून बोल्टच्या आवळणीपर्यंत, आणि तो खुला करावा. आयटीआयमध्ये तो शिकवावा.

नकाशा एक आणि वेल्डर शंभर, मग दर्जा कसा राहणार, हा आक्षेप रास्त आहे. पण गळती शोधायला प्रयोगशाळा लागत नाही: वायूची वाट तेवढ्यापुरती बंद करून रिकाम्या पेटीत हलक्या दाबाची हवा भरा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसेच बुडबुडे दिसतील. सांध्याच्या ताकदीसाठी मात्र दर काही पेट्यांमागे एक कापून पाहावी लागेल, आणि तो खर्च कारागिराच्या माथी मारता कामा नये.