अंगणातल्या बाकाला सागच हवा

कोकणात नवं घर बांधणारी मंडळी हल्ली परदेशातल्या बागांचे फोटो बघतात आणि तिथल्यासारखं सीडरचं बाक, सीडरचं टेबल आपल्याही अंगणात हवं म्हणून हटून बसतात. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. राजापूरला त्याच्या घराचं काम चालू आहे आणि फोनवर एकच धोशा: "ताई, तुझ्याकडचं सीडर पाठव ना कंटेनरमधून." मी व्हँकुव्हरजवळ बागेतलं फर्निचर बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. या लाकडावर माझा जीव आहे, तरीही त्याला नाही म्हणाले.

इथलं वेस्टर्न रेड सीडर म्हणजे आपल्या हिमालयातला देवदार नव्हे. हे झाड वेगळ्या कुळातलं, ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा अधिकृत वृक्ष. त्याच्या तांबूस गाभ्यात बुरशीला रोखणारी द्रव्यं मुळातच असतात, त्यामुळे कुठलंही औषध न मारता ते पावसात वर्षानुवर्षं टिकतं. वजन घनमीटरला 370 किलोच्या आसपास. दोघांचं बाक मी एकटी उचलून ठेवते. भिजताना-वाळताना ते फारसं फुगत किंवा आकसत नाही, म्हणून फळ्या पिळवटत नाहीत. इथल्या किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांनी पिढ्यानपिढ्या याच झाडापासून घरं, होड्या, कोरीव खांब केले, सालीपासून कपडेसुद्धा विणले. 1986 च्या व्हँकुव्हरमधल्या जागतिक प्रदर्शनासाठी हायडा कलावंत बिल रीड यांनी सीडरच्या एका ओंडक्यातून सुमारे 15 मीटर लांबीची होडी घडवली.

पण हे सगळे गुण गाभ्याचे. कडेचं पांढरं लाकूड त्याच झाडाचं असलं तरी लवकर कुजतं. साधा लोखंडी खिळा ओल्या सीडरमध्ये ठोकला की त्याच्याभोवती काळे ओघळ उतरतात, म्हणून आम्ही स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरतो. लाकूड इतकं मऊ की नखाचीही खूण उठते. आणि त्याच्या भुशाने दमा होऊ शकतो, त्यामुळे मास्क लावल्याशिवाय आम्ही करवतीला हात लावत नाही.

मुख्य फरक हवेचा. व्हँकुव्हरचा पाऊस थंडीतला, बारीक, रेंगाळणारा. राजापुरात चार महिने धो धो पाऊस, वर दमट उकाडा आणि जमिनीत वाळवी. तिथे सीडर किती टिकेल याची हमी मी सख्ख्या भावालाही देणार नाही. सागाची देईन. तो जड आहे, घट्ट आहे, अंगचाच तेलकट आहे आणि त्याच्या गाभ्यातली द्रव्यं वाळवीला नकोशी असतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून. इतकं नावाजलेलं लाकूड आपल्याच राज्यात असताना अर्ध्या जगाला वळसा घालून मऊ लाकूड आणण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

साग घेतानाही डोळे उघडे हवेत. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढरा भाग फार असतो; वखारीत फळीचं टोक बघून गाभा किती ते तपासा. त्याहून चांगला साग जुन्या घरांत आहे. भावाने पाडलेल्या घराच्या सागवानी तुळया पडवीत रचून ठेवल्या होत्या आणि तो त्या भंगारवाल्याला द्यायला निघाला होता. इतका मुरलेला साग आज विकत घ्यायला गेलं तर खिशाला परवडणार नाही.

बाक करून घेताना बसायच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. पायांखाली चिरा ठेवू नका, तो ओल धरतो. कडप्प्याचा तुकडा ठेवा. चकचकीत वार्निश उन्हापावसात पापुद्र्यांनी सुटतं, त्यापेक्षा लाकडाचं तेल बरं. काही वर्षांनी रंग राखाडी झाला तर घाबरू नका, ती कूज नव्हे.

आणि घर पाडायला काढलंत तर तुळया-वासे जळाऊ म्हणून देऊन टाकण्याआधी एकदा गावातल्या सुताराला बोलावून दाखवा.