शहाणे हात

गोल्फ शिकविणारे खांदा, कंबर, गुडघा यांचे इतके नियम सांगतात की, शिकणारा काठी उचलण्यापूर्वीच गोंधळतो. आमचे मत निराळे आहे. इंग्रज खेळाडू अर्नेस्ट जोन्स यांचा उजवा पाय १९१६ साली महायुद्धात गुडघ्याखाली गेला. तरी ते एका पायावर उत्तम खेळले! पुढे न्यूयॉर्कमध्ये ते रुमालाच्या टोकाला चाकू (मिटलेला, बरे का!) बांधून झुलवून दाखवीत. हिसका दिला की रुमाल सैल पडतो; लयीत झुलविला की ताठ राहतो आणि टोकाचे वजन बोटांना कळते. गोल्फच्या काठीचे जड टोकही असेच बोटांना जाणवले पाहिजे. मूठ आवळली की ती जाणीव मरते. शरीर वळावे लागते हे खरे, परंतु ते हातांमागून वळते. विद्यार्थ्यांनी रुमालाला किल्ली बांधून पाहावे.