ड्रायव्हिंग टेस्टला जाताना नुसतं आधार कार्ड पुरतं का?

शिकाऊ लायसन्स घरबसल्या मिळालं. आधार नंबर टाकला, ओटीपी आला, परीक्षा झाली. त्यामुळे पक्क्या लायसन्सच्या चाचणीलाही फोनमधलं आधार दाखवलं की काम झालं, असा समज पसरला आहे. रील्समध्येही तेच सांगितलं जातं. ते अर्धवट आहे.

आधार सक्तीचं आहे का?

नाही. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १८ सेवा आधार पडताळणीवर ऑनलाइन आणल्या, शिकाऊ लायसन्स त्यातलंच. पण ही पडताळणी ऐच्छिक आहे. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल, तर कागदपत्रं घेऊन आरटीओत जाऊन हीच परीक्षा देता येते. महाराष्ट्रात जून २०२१ पासून घरून परीक्षा सुरू झाली आणि हा दुसरा रस्ता लोक विसरूनच गेले. 'नंबर लिंक नाही? मग होणार नाही,' असं सायबर कॅफेत ऐकून परत फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ४ वय आणि पत्त्याच्या पुराव्याबद्दल आहे. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट, विमा पॉलिसी असे पर्याय त्यात आहेत. यातलं काहीच नसेल आणि कारण रास्त असेल, तर प्रतिज्ञापत्रही स्वीकारता येतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारासाठी ही तरतूद मोठी आहे, पण तिच्याबद्दल सहसा कुणी सांगत नाही. घर लातूरला आणि कॉलेज पुण्यात असेल तरी अडचण नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत अर्ज करण्याची मुभा कायद्यात आहे.

खरी अडचण जन्मतारखेची

आपल्याकडे एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. आधार काढताना मात्र भलतीच तारीख सांगितली गेली. आधार पडताळणी करून अर्ज केला की नाव, जन्मतारीख, पत्ता आधारवरून जसाच्या तसा उचलला जातो आणि पुढे पक्क्या लायसन्सवरही तोच उतरतो.

एवढ्याने काय बिघडतं? ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात मृताचं वय आधारवरून नव्हे, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरलं. वयावर भरपाईचा हिशेब ठरतो, म्हणून कुटुंबाला मिळणारी रक्कम त्याने बदलली. आधार ओळख पटवतं, जन्मतारखेचा ठोस पुरावा ते नाही, हे खुद्द आधार प्राधिकरणाचंही म्हणणं आहे. म्हणून दाखला आणि आधार यांच्यात फरक असेल तर शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरण्याआधीच तो दुरुस्त करा. नंतर घाई होते. शिकाऊ लायसन्स सहा महिनेच चालतं आणि पहिले ३० दिवस तर चाचणी देताच येत नाही.

चाचणीच्या दिवशी

शिकाऊ लायसन्स, अपॉइंटमेंटची प्रिंट आणि अर्जासोबत जोडलेल्या कागदांच्या मूळ प्रती जवळ ठेवा. झेरॉक्सवर विसंबू नका. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, लागतं.

आणि गाडीचेही कागद लागतात, हे बरेच जण विसरतात. मित्राची गाडी नेली तरी चालते, पण तिचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू मुदतीचं हवं. पीयूसीची तारीख आदल्या रात्रीच बघून घ्या. आरटीओच्या दारात ती संपलेली निघाली, तर तुमचे स्वतःचे कागद कितीही चोख असले तरी त्या दिवशी परत यावं लागू शकतं.