छापून आलंय ना!

वाद पेटला की आमचे वडील एकच हुकमाचे पान टाकीत, "छापून आलंय ना!" ते पान पडले की घरात कुणाची बोलण्याची प्राज्ञा नसे. १९५६ च्या नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत गिरगावातल्या आमच्या चाळीत घरोघर येऊ लागला. वरच्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ मात्र काँग्रेसवाले. ते दुसरे वर्तमानपत्र घेत. वडिलांनी त्यांच्याशी बोलणे तर सोडलेच, पण ते वर्तमानपत्र आमच्या घरात वाण्याच्या पुडीचा कागद म्हणूनसुद्धा चालत नसे! मी तेव्हा बारा वर्षांचा. आपले ते वर्तमानपत्र आणि दुसऱ्याची ती रद्दी, हा धडा मी तेव्हाच गिरवला.

हे आज आठवायचे कारण, तोच खेळ मी साठ वर्षांनी, २०१६ साली, सातासमुद्रापलीकडे पाहिला. आणि कबूल करायला हवे, त्या खेळात मीही दोन हात खेळून आलो.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो होतो. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वर्ष. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचे ते पुढारी ठरवतात. तिथे पक्षाचा उमेदवार कोण असावा, यासाठीही राज्याराज्यांतून मतदान होते. त्याला प्रायमरी म्हणतात. डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटनबाई आणि बर्नी सँडर्स यांची जुंपली होती, आणि एडिसनच्या त्या घरातही! जावई क्लिंटनबाईंचे. नातू एकोणीस वर्षांचा, प्रथमच मत देणारा, तो सँडर्सांचा. पक्ष एक, घर एक, पण जेवणाचे टेबल म्हणजे कुरुक्षेत्र.

१४ मे रोजी नेव्हाडा राज्याचे पक्ष-अधिवेशन लास व्हेगासला भरले. नियमांवरून रण माजले आणि रात्री सभा गुंडाळावी लागली. लगेच टीव्हीवर बातमी आली की, सँडर्सांच्या माणसांनी खुर्च्या फेकल्या. मी जावयांच्या शेजारीच बसलो होतो. आपल्याकडच्या सभांतून उडणाऱ्या खुर्च्या पाहत मी लहानाचा मोठा झालेला. मला नवल कसले वाटणार? उलट शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या मित्राला फोन लावून मी मिटक्या मारीत सांगितले, "अरे, इथेही खुर्च्या उडतात बरं का!"

नातू उठला आणि त्याने आपला मोबाइल माझ्या हातात ठेवला. "आजोबा, यात खुर्ची कुठे उडतेय ते मला दाखवा."

मी चष्मा पुसून तीनदा पाहिले. एक मनुष्य खुर्ची डोक्यावर उचलतो, भोवतालचे त्याला आवरतात, तो ती खाली ठेवतो. बस्स. उडालेली खुर्ची काही मला सापडली नाही. पुढे ज्यांनी बातमीची शहानिशा केली त्यांनाही ती सापडली नाही.

जावई क्षणभर गप्प झाले. मग मुलाला म्हणाले, "आणि तिथल्या अध्यक्षबाईंना फोनवरून धमक्या आल्या, ते तुझ्या त्या वेबसाइटवर आलंय का?"

आता नातू गप्प. आले नव्हते. धमक्या मात्र खऱ्या होत्या.

म्हणजे एकाच्या बातमीत नसलेली खुर्ची होती आणि दुसऱ्याच्या बातमीत असलेली धमकी नव्हती! त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे बंद झाले. आमची लेक निरोप्याचे काम करू लागली. "बाबांना सांग, मीठ द्या." "त्याला सांग, तुझ्यासमोरच आहे."

अशात ६ जूनची सोमवारची रात्र उजाडली. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत दुसऱ्या दिवशी मतदान व्हायचे होते. आणि आदल्या रात्रीच असोसिएटेड प्रेसने जाहीर केले की, क्लिंटनबाईंना लागणारे २३८३ प्रतिनिधी मिळाले; निकाल लागला! हा आकडा कसा जमला? मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींखेरीज या पक्षात सातशेंवर मानाचे प्रतिनिधी होते; खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी वगैरे. त्यांना सुपरडेलिगेट म्हणतात. त्यांचे मत पडायचे होते जुलैत, फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात. वृत्तसंस्थेने त्यांना विचारून घेतले आणि त्यांचा शब्द जमेस धरला. लग्नाला अजून अवकाश असावा आणि यजमानाने न आलेल्या आहेराची पाकिटे वहीत मांडून बेरीज करावी, तसला हा हिशेब! पुढे २०१८ साली पक्षाने नियम बदलून चुरशीच्या पहिल्या फेरीतून या मानकऱ्यांचे मत काढून घेतले.

खरे सांगायचे तर मतदारांच्या मतांतही बाईच पुढे होत्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही राज्ये त्यांनी जिंकली. निकाल बदलला नसता. पण नातवाचे मन बदलले. मंगळवारी तो खोलीतून बाहेरच येईना. "कशाला जाऊ? त्यांनी ठरवूनच टाकलंय."

आयुष्यातले पहिले मत, आणि ते पोराने असे वाया घालवावे! मला काही सुचेना. शेवटी आमच्या सौभाग्यवती पदराला हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या. "वाण्यानं मापात पाप केलं म्हणून कुणी जेवायचं सोडतं का रे?"

रात्री आठला मतदान संपायचे. साडेसातला जावयांनी मुकाट्याने गाडी बाहेर काढली आणि नातू मुकाट्याने आत बसला. परत आले तेव्हा जावई हसत होते. "बाबा, माझं मत त्यानं कापलं, त्याचं मी कापलं. पेट्रोल तेवढं फुकट गेलं!" तीन आठवड्यांनी त्या घरात दोघे एका विनोदाला हसले.

ऑक्टोबरात आम्ही परतलो होतो तेव्हा जावयांचाच फोन आला. पक्षाच्या एक उपाध्यक्षा, डोना ब्राझिल, या सीएनएनवर भाष्यकार होत्या. त्यांनी कार्यक्रमांतले प्रश्न क्लिंटनबाईंच्या गोटाला आधीच कळवल्याचे फुटलेल्या पत्रव्यवहारातून बाहेर आले होते. सीएनएनने त्यांच्याशी संबंध तोडला. पुढल्या वर्षी ब्राझिलबाईंनीही चूक कबूल केली. जावई म्हणाले, "बाबा, एवढ्यापुरतं पोराचं खरं होतं." हे वाक्य त्यांना जड गेले, ते मला फोनवरूनही कळले. आमच्या वडिलांना ते जन्मात जमले नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ वारले तेव्हाही ते जिन्यात घुटमळले आणि खालीच राहिले.

माझे प्रायश्चित्त मात्र बाकी होते. कट्ट्यावर जाऊन मी मित्राला म्हटले, "अरे, ती खुर्ची उडालीच नव्हती." तो म्हणाला, "वा! तूच तर सांगितलंस. शिवाय टीव्हीवरही आलं होतं!" गेली कित्येक वर्षे मी ती खुर्ची खाली उतरवण्याच्या खटपटीत आहे. कट्ट्यावर ती अजून उडतेच आहे.

आता आमच्या दाराशी दोन वर्तमानपत्रे पडतात. जे आवडत नाही ते मी चहाबरोबर आधी वाचतो. चहा जरा कडू लागतो. सौभाग्यवतींची तक्रार एकच, रद्दी दुप्पट झाली. रद्दीवाला मात्र दोन्ही एकाच काट्यावर तोलतो आणि एकाच भावाने नेतो.